पावागड आपल्या हद्दीत नाही

पोंकवाले परत आले. नदीच्या पुलाजवळ, अकोट्याच्या वाटेवर, त्यांनी खड्डे खणले, गोवऱ्या पेटवल्या आणि जोंधळ्याची कोवळी कणसं निखाऱ्यात भाजून धोपटायला सुरुवात केली. आमची मंडळी ज्याला हुरडा म्हणतात त्यालाच इथे पोंक म्हणतात, आणि हुरडा चांगला की पोंक यावरून बडोद्याच्या मराठी घरांत अजून वाद होतात. हुरड्याबरोबर तिखट चटणी आणि गूळ, पोंकाबरोबर बारीक शेव आणि लिंबू. चार पिढ्या इथे जेवूनखाऊनही काही जणांना चटणी दिसली नाही की परमुलखात आल्यासारखं वाटतं. मला दोन्ही आवडतं. पण खरं सांगते, कित्येक वर्षं झाली, तो धूर नाकात गेला की मला भूक लागत नाही, राग येतो.

‘यमूला राग यायला कारण लागत नाही,’ असं आमचे दादा म्हणत. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, सरकारी कचेरीत कारकून, स्वभावाने गरीब. त्यांच्यासारखं मवाळ मला होता आलं नाही. पण या रागाला कारण आहे, आणि परवा ते पुन्हा उकरलं गेलं. एका व्याख्यानाला गेले होते. एक तरुण वक्ता आपल्या गायकवाडी राज्याने काय काय केलं ते सांगत होता. सक्तीचं शिक्षण, खेड्यापाड्यांत वाचनालयं, मुलींच्या लग्नाच्या वयाचा कायदा. सगळं खरं होतं. महाराजांनी जे केलं ते करायला छाती लागते, आणि माझ्यासारखी बाई शाळेत पगारावर शिकवू शकली तीही त्यांच्यामुळेच. मी मनापासून टाळ्या वाजवत होते. मग तो म्हणाला, ‘या कायद्यामुळे बालविवाह आपल्या राज्यातून हद्दपार झाला.’ तिथे माझे हात थांबले. अगदी बरोबर बोलला होता तो. हद्दपारच झाला होता. हद्दीपार कुठे गेला, ते त्याने मला विचारायला हवं होतं.

बाहेरच्या माणसाला आमच्या राज्याचा नकाशा समजावून सांगणं कठीण आहे. एक तुकडा इथे, एक सुरतेच्या बाजूला, एक वर कडीकडे, एक पार काठेवाडात. आणि त्या तुकड्यांचेही तुकडे. पेटलादला जायचं तर आणंदला इंग्रजी मुलखात उतरून गाडी बदलावी लागते. पूर्वेला निघालात तर आधी आपली गावं, मग एखाद्या ठाकोराचं, म्हणजे छोट्या संस्थानिकाचं, गाव, मग पुन्हा आपलं, मग साहेबाचं. कुणाच्या तरी पणज्याने कुठल्या तरी तळावर बसून तह केला, कुणी लढाई हरला, कुणी तैनाती फौजेच्या खर्चापायी परगणा लिहून दिला. ते सगळे सरदार आणि साहेब मरून गेले. शेतं मात्र होती तिथेच राहिली आणि त्यांच्या बांधावर राजे बदलले. म्हैस चरता चरता सकाळी गायकवाडी असते, दुपारी इंग्रजी होते आणि संध्याकाळी दूध काढायला परत गायकवाडीत येते.

माणसं म्हशीपेक्षा हुशार. त्यांनी या हद्दीचा उपयोग शोधून काढला. चोरी केली, हद्द ओलांडली. मारामारी केली, मामाकडे चार महिने जाऊन राहिले. त्यात नवल वाटावं असं काही नाही, जिथे हद्द असते तिथे हे चालतंच. पण मुलींच्या लग्नाचा कायदा झाला आणि हद्दीला आणखी एक काम मिळालं.

आणि आम्ही मराठी मंडळी? आम्ही तर या भूमीवर पाहुण्यासारखे राहिलो. माझ्या लहानपणी घरातल्या भिंतीवर नकाशा होता तो साताऱ्याकडचा. मला कृष्णेला मिळणाऱ्या नद्या पाठ होत्या. घरामागून वाहणारी विश्वामित्री कुठून येते, ते कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. ‘आपला गाव कोणता?’ असं विचारलं की आम्ही जिथे कधी पाऊल ठेवलं नाही अशा गावाचं नाव सांगत असू. इथल्या तुरीच्या डाळीवर, इथल्या तुपावर वाढलो, आणि इथल्या माणसांना ‘इकडचे लोक’ म्हणत राहिलो. शिक्षिका झाले आणि गुजराती मुलींच्या शाळेत नेमणूक झाली तेव्हा मला याची पहिल्यांदा लाज वाटली. मुलींना भूगोल शिकवायचा होता आणि माझ्याजवळ त्यांच्या पायाखालच्या जमिनीची माहितीच नव्हती.

ती कमी भरून काढायची मी मनावर घेतलं. त्या हिवाळ्यात शाळेला कुणी मोठे पाहुणे भेट देणार होते, गोरे साहेब होते. वरून हुकूम आला की मुलींनी काहीतरी करून दाखवावं. दुसऱ्या बायांनी भरतकाम काढलं, तोरणं काढली, रांगोळ्या ठरवल्या. मी म्हटलं, माझ्या मुली अंगणात मातीचा नकाशा करतील. आपण राहतो तो मुलूख, जसा आहे तसा, उंचसखल, नद्यानाल्यांसकट.

अहाहा, काय दिवस होते ते! थंडी पडली होती. मुली घरून निघताना शालीत गुरफटून येत आणि तासाभरात शाली कुंपणावर टाकून चिखलात कोपरापर्यंत हात घालत. माती आम्ही खरी आणायची ठरवली होती. डभोईकडची जमीन काळी, कापसाची. एका मुलीची आत्या डभोईहून छोट्या गाडीने येताना पदरात बांधून काळी माती घेऊन आली. शहराच्या वरच्या बाजूची भुसभुशीत, फिकट जमीन, तिला इथे गोराडू म्हणतात. ती तर शाळेच्या मागेच होती. नर्मदेची वाळू कुणी यात्रेहून आणलेली निघाली. विश्वामित्रीच्या काठच्या घळी, ज्यांना इथली माणसं कोतर म्हणतात, त्या मुलींनी चमच्यांनी कोरल्या. डभोईच्या वेशीच्या जागी एकीने खडे रचून कमान उभी केली आणि ती पडली तेव्हा रडली. गावं म्हणजे गुंजा. तळी म्हणजे फुटक्या आरशाचे तुकडे. पाटलाची एक मुलगी कुठल्या गावाला पाणी गोड आणि कुठल्या गावाला मचूळ ते सांगत होती, कारण तिच्या घरी सुना करताना ते विचारत असत.

आणि चंचळने पावागड केला.

चंचळ माझ्या वर्गात सगळ्यांत बडबडी. शहरातल्या मांडवी दरवाजाजवळ तिच्या वडिलांचं, मगनभाईंचं, कापडाचं दुकान. तिचं आजोळ हालोलचं, म्हणजे अगदी पावागडाच्या पायथ्याचं. दर सुट्टीत ती तिथे जायची. हिवाळ्यात स्वच्छ सकाळी बडोद्यातल्या कुठल्याही गच्चीवरून पावागड दिसतो, तसा तो सगळ्याच मुलींनी पाहिला होता. पण त्या मुलींना तो एक निळा उंचवटा म्हणूनच ठाऊक होता. चंचळला त्याच्या वाटा माहीत होत्या. तिने लाल माती चाळून घेतली, त्यात शेण आणि भुसा कालवला, आणि खालून एकेक टप्पा चढवत नेला. मधे सपाटी ठेवली, तिथे जुन्या किल्ल्याच्या पडक्या भिंती. वर माथ्यावर देवीच्या देवळासाठी एक पांढरा खडा. आणि त्याच्या उतारावरून बोटाने एक रेघ ओढली, ती वळवत वळवत बडोद्यापर्यंत आणली.

‘बेन, ही आपली विश्वामित्री,’ ती म्हणाली. ‘माझ्या मामाच्या इथून निघते आणि माझ्या घराकडे येते. माझ्यासारखी.’

त्या एका रेघेने मला जे कळलं ते नकाशांच्या पुस्तकांनी कधी सांगितलं नव्हतं. आपण ज्या नदीच्या काठी राहतो ती एका डोंगरावरून येते, आणि तो डोंगर आपल्याला रोज दिसतो. इतकी साधी गोष्ट! मी त्या दिवशी घरी जाऊन दादांना गच्चीवर ओढत नेलं आणि पावागड दाखवला. ते म्हणाले, ‘अगं, हा तर रोजच दिसतो.’

नकाशा सुकायला वेळ हवा होता. म्हणून एक दिवस मी मुलींना घेऊन गोत्रीला गेले. तेव्हा गोत्री म्हणजे शेतंच शेतं. एका मुलीच्या काकांनी पोंक खायला बोलावलं होतं. शेताच्या कडेला आम्ही गोल बसलो. गरम दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायची, तूस उडवायचं, वर शेव टाकायची. मुलींची तोंडं काळी झाली. मी त्यांना सांगत होते की याच जोंधळ्याला आमच्याकडे काय म्हणतात, आणि त्या ‘हुर्रडो, हुर्रडो’ म्हणून खिदळत होत्या. तेवढ्यात एकीने चंचळला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, ‘बेनने के’ ने!’ बेनना सांग ना.

चंचळ लाजली. मग लाजणं विसरून भराभरा बोलायला लागली. महा महिन्यात, म्हणजे आपल्या माघात, ती मामाकडे जाणार. तिथे तिचं लग्न. घाघरा लाल, त्यावर खरी जर. हस्तिदंती चुडा. बँडवाले गोध्र्याहून. नवरामुलगा मामाच्या गावाजवळचाच. त्याला तिने पाहिलं नव्हतं, पण त्याच्या घरी घोडी होती.

‘पण चंचळ, तुझं वय...’ मी म्हटलं.

‘ते इथे, बेन,’ तिने मला समजावलं. ‘इथे करायचं नाही. हालोलला साहेबाचं राज्य, तिथे चालतं.’

कायद्याने ठरवलेल्या वयाहून ती बरीच लहान होती. दात पडून नवे आलेले अजून तोंडाला मोठे दिसत होते. माझ्या हातातले दाणे तसेच राहिले. मला माझंच लग्न आठवलं. मी तिच्याहून लहान होते. साताऱ्याकडे नेऊन लावून दिलेलं, आमच्या त्या ‘खऱ्या’ गावाजवळ. वर्ष सरलं नाही तोच तिकडून निरोप आला आणि घरातल्या बायका माझ्या बांगड्या फोडायला बसल्या. आज मला माझ्या नवऱ्याचा चेहरा आठवत नाही. खोटं कशाला बोलू, तेव्हाही आठवत नव्हता. दादांनी हट्टाने मला शाळेत घातलं म्हणून मी माणसात आले. नंतर महाराजांचा कायदा झाला त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली होती. वाटलं होतं, आता या गावात कुणाची यमू व्हायची नाही.

दुसऱ्याच दिवशी मी मगनभाईंच्या दुकानात गेले. बाईमाणसाने एकटीने मांडवीत जाऊन कुणाच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोलावं, हे तेव्हा फारसं शोभण्यासारखं नव्हतं. पण मगनभाई फार अदबीने वागले. ‘आवो बेन, आवो,’ म्हणून गादी झटकली, पाणी मागवलं, चंचळच्या हुशारीचं कौतुक केलं. मी विषय काढला. त्यांना जराही राग आला नाही. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

‘बेन, महाराजसाहेबांचा कायदा आम्ही मोडू का?’ ते हात जोडून म्हणाले. ‘त्यांचं मीठ खातो. मोडायचा नाही म्हणून तर हालोलला जातो!’

‘पण मुलगी तर तीच ना, मगनभाई? वय तेच ना?’

‘मुलगी तीच. मुलूख वेगळा.’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘समजा ना बेन. तिची मा आजारी असते. डोळ्यांदेखत झालेलं बरं. स्थळ चांगलं आहे, माणसं ओळखीची. आणि लगेच थोडीच पाठवणार आहे? वर्षभर इथेच राहील, तुमच्याकडे शिकेल.’

वाईट माणूस नव्हता. हेच मला अजून जाळतं. पोरीच्या आईचा आजार खरा होता, त्याची भीती खरी होती, त्याची अदबही खरी होती. आणि या सगळ्या खरेपणाच्या मधोमध एक पोर धान्याच्या पोत्यासारखी हद्दीपलीकडे नेऊन उतरवायची होती.

दादांना सांगितलं. ते बराच वेळ पानाला चुना लावत बसले. ‘यमू, तू नोकर माणूस. रयतेच्या घरात शिरू नकोस,’ ते म्हणाले. मग पान तसंच ठेवून म्हणाले, ‘वरच्या कुणाच्या तरी कानावर मात्र घाल. कायदा त्यांचा आहे, त्यांनाच पोटतिडीक असायला हवी.’

वरचे म्हणजे रावसाहेब, शाळा तपासणारे आमचे अधिकारी. त्यांचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. तसे बरेच होते. पाहुणे यायच्या आधी तयारी बघायला ते शाळेत आले. पांढरं शुभ्र उपरणं, हातात काठी, मराठी इतकं शुद्ध की ऐकताना कपडे सावरावेसे वाटत. भरतकाम पाहिलं, मान हलवली. तोरणं पाहिली. अंगणात आले आणि नकाशापाशी थबकले. मला आनंद झाला. वाटलं, आता विचारतील, माती कुठून आणली.

‘हे काय?’ त्यांनी काठी पुढे केली. काठीचं टोक पावागडावर.

‘पावागड, रावसाहेब. विश्वामित्रीचा उगम दाखवला आहे. या मुलीने केलाय.’

‘पावागड आपल्या हद्दीत नाही.’

मला वाटलं ते परीक्षा घेताहेत. ‘नाही ना, इंग्रजी मुलखात आहे. मुलींना ठाऊक आहे.’

‘मग आपल्या शाळेच्या अंगणात काय करतो आहे?’ त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. ‘बाई, पाहुणे कोण आहेत कल्पना आहे ना? सध्या दिवस कसले आहेत? इंग्रज सरकारचा आपल्यावर आधीच संशय आहे. आपण त्यांचा मुलूख आपल्या जमिनीवर मांडून ठेवला तर ते काय समजतील? साहेबाच्या रेसिडेन्सीपर्यंत गोष्ट जाईल. हे आणि हे, आणि हे पलीकडचं, सगळं काढा. फक्त आपली गावं ठेवा.’

काठी फिरत होती आणि गुंजा उडत होत्या. मी म्हटलं, ‘रावसाहेब, मग नदी कुठून येणार?’

‘नदी हद्दीपासून सुरू करा,’ ते म्हणाले. थट्टेने नव्हे. विचार करून, नीट.

आज इतक्या वर्षांनीही हे वाक्य मला पाठ आहे. शिकलेला माणूस! घरात पुस्तकांची कपाटं! त्यांच्याही गच्चीवरून रोज सकाळी तो डोंगर दिसत असणार. मातीच्या ढिगाला घाबरला. साहेबाच्या मनात आलंही नसतं ते त्याने साहेबाच्या वतीने आधीच मनात आणलं. गुलामाची ही एक खोड असते. धन्याला राग यायच्या आधीच त्याला घाम फुटतो. आणि आम्ही बडोदेकर मराठी लोक स्वतःला राज्यकर्ते म्हणवत होतो!

पण तेव्हा मला दुसरीच घाई होती. रावसाहेब निघाले तशी मी मागोमाग ओसरीपर्यंत गेले आणि चंचळचं सगळं सांगितलं. नाव घेऊन, महिना सांगून. म्हटलं, ‘अजून अवकाश आहे. आपण नुसतं बोलावून समज दिलीत तरी तिचे वडील थांबतील. सरकारला भिणारा माणूस आहे.’

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘हेतू चांगला आहे तुमचा,’ ते म्हणाले. ‘पण लग्न हालोलला होणार ना? हद्दीबाहेर जे होतं त्याच्याशी आपला संबंध नाही, बाई.’ आणि पायऱ्या उतरताना वळून म्हणाले, ‘तो डोंगर तेवढा विसरू नका.’

मी अंगणात परत आले. मुली उडालेल्या गुंजा वेचत होत्या. त्यांना सगळं मराठी कळत नव्हतं, पण काठी कळली होती. मी म्हटलं, कुणीही कशाला हात लावायचा नाही, मी बघते काय ते. मी खरंच ठरवलं होतं की नकाशा असाच राहील, नोकरी गेली तर गेली. मुलींना घरी पाठवलं. सकाळी येऊन पाहते तो चंचळ माझ्याआधी आलेली. गुडघ्यांवर बसून, परकर वर खोचून, खुरप्याने ती पावागड खरवडत होती. देवीचा पांढरा खडा तिने आधी काढून ओढणीच्या टोकाला बांधून ठेवला होता.

‘हे काय करतेस?’ मी ओरडलेच.

‘साहेब तमने वढशे, बेन,’ ती म्हणाली. साहेब तुम्हाला रागावतील. मला वाचवायला निघाली होती ती! मी तिला वाचवू शकले नव्हते, आणि ती मला वाचवायला थंडीत पहाटेच उठून आली होती. मी तिच्या हातातलं खुरपं काढून घेतलं. पण डोंगर अर्धा गेला होता, आणि अर्धा डोंगर ठेवून करायचं काय?

मग एकेक करून बाकीच्याही मुली आल्या. ज्यांची आजोळं, मावश्या, बहिणी हद्दीपलीकडे होत्या त्या आपापल्या गुंजा उचलू लागल्या. संपेपर्यंत आमचा मुलूख भोकाभोकांचा झाला. गोधडीला उंदरांनी कुरतडावं तसा. नदी अंगणाच्या मधोमध, कुठून आली न सांगता, एकाएकी सुरू होत होती.

पाहुणे आले. हार झाले, गाणं झालं. साहेबांनी भरतकाम पाहिलं, मडमेने एक रुमाल हातात घेऊन वाखाणला. अंगणात ऊन होतं म्हणून रावसाहेबांनी त्यांना ओसरीवरूनच पलीकडे नेलं. अंगणाकडे कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. त्यांनी पावागड पाहिला असता की नसता, रागावले असते की नसते, हा प्रश्नच उरला नाही. मुली नकाशाभोवती ओळीने उभ्या होत्या, तेल लावून, वेण्या घालून. त्या उभ्याच राहिल्या.

महा महिना लागला आणि चंचळची जागा रिकामी पडली. मी दादांच्या मागे लागून एक अर्ज लिहवून घेतला, तो पाठवला, त्याचं पुढे काही कळलं नाही. एका सकाळी गच्चीवर गेले. पावागड नेहमीपेक्षा स्पष्ट दिसत होता. त्याच्या पायथ्याशी आज मांडव असेल, बँड वाजत असेल, आणि ती त्या लाल घाघऱ्यात अवघडून बसली असेल, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. डोळ्यांना दिसतं इतकं जवळ! आणि एका शहाण्या, दयाळू राजाचा हात तिथवर पोचत नव्हता, कारण मधे, वाटेवरच्या जरोद गावापलीकडे कुठेतरी एक दगड पुरलेला होता. कायद्यात भोक होतं म्हणून मला महाराजांचा राग आला नाही, अजूनही येत नाही. कुठलाही कायदा पहिल्यांदा केला की त्याला भोकं राहतातच. ती बुजवायची असतात ती त्याच्यावर पगार खाणाऱ्या माणसांनी. ही माणसं भोकाच्या तोंडाशी बसून ते नीट गोल आहे ना, एवढंच बघत होती.

परवाच्या त्या तरुण वक्त्याला मी सभा संपल्यावर गाठलं. म्हटलं, ‘बाळ, हद्दपार झालेल्या मुली कुठे जातात रे?’ त्याला वाटलं म्हातारी भ्रमिष्ट आहे. त्याने मला हात धरून पायऱ्या उतरवून दिल्या.

चंचळ फाल्गुनात परत आली. मगनभाईंनी शब्द पाळला होता. कोपरापर्यंत हस्तिदंती चुडा, कपाळावर मोठं कुंकू, आणि बोलणं एकदम कमी. चुड्यामुळे तिला पाटीवर लिहिताना हात टेकवता येत नव्हता, म्हणून ती मान वाकडी करून लिहायची. मी तिला विचारलं, ‘घोडी पाहिलीस का गं?’ ती म्हणाली, ‘म्हातारी आहे, बेन. बसू देत नाहीत.’

त्याच महिन्यात वार्षिक तपासणी आली. रावसाहेब स्वतः वर्गात आले. खुर्चीवर बसून एकेका मुलीला उभं करून विचारत होते. चंचळची पाळी आली. ती उठली तसा चुडा खळखळला. रावसाहेबांनी वर पाहिलं. तिच्या हातांकडे, कपाळाकडे, मग तिच्या उंचीकडे. क्षणभर मला आशा वाटली. म्हटलं, आता तरी. कागदावरची गोष्ट वेगळी, इथे तर पोर डोळ्यांपुढे उभी आहे.

‘तुझं लग्न झालं?’ त्यांनी गुजरातीत विचारलं.

तिला घरी पढवून ठेवलं होतं. पाठ म्हणावा तशी ती सरळ उभी राहून म्हणाली, ‘हद्दीबाहेर झालं, साहेब.’

रावसाहेब हसले. मनापासून, खूश होऊन. ‘हुशार आहे मुलगी,’ ते मला म्हणाले.

‘लग्न बाहेर झालं, रावसाहेब,’ मी म्हटलं. माझा आवाज शेजारच्या वर्गात गेला असेल. ‘मुलगी इथे आहे. ही काय, तुमच्यापुढे उभी आहे.’

चंचळ माझ्याकडे पाहत होती. तिचं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं. रावसाहेबांनी तिला हाताने बसायची खूण केली आणि म्हणाले, ‘पुढची.’

पुढची मुलगी उभी राहिली. ती चंचळहून लहान होती.